एकाच अक्षांशावरची तर्री

झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहून मोबाइलवर नकाशा उघडा. नागपूर आहे २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर. या रेषेवर बोट ठेवून पश्चिमेकडे सरकत चला. सुरत लागेल, अरबी समुद्र लागेल, मग अरबस्तान, सहारा, अटलांटिक, क्यूबा. आणि शेवटी बोट टेकेल मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर, मेरिदा शहराच्या वेशीत. मे महिन्यात नागपूरकराच्या टाळूवर जो सूर्य तळपतो, तोच मेरिदाकराच्याही. उन्हाच्या गोष्टी कुणी कुणाला सांगायला नकोत.

'दक्षिण मेक्सिकोला जायचंय, भरपूर खायचंय आणि थोडं धाडसही करायचंय, काय काय बघू?' असं विचारणाऱ्यांना मी स्थळांची यादी देत नाही. आधी आपलं ताट बघा म्हणतो. तर्री पोह्यांची लाल तर्री, भिवापूरची मानांकन मिळालेली मिरची, टोमॅटो, मका, पपई, लाल भोपळा, चिकू. पाचशे वर्षांपूर्वी यातलं काहीही विदर्भात नव्हतं. कळमन्याच्या बाजारात पोत्यांनी येणारी मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून भारतात उतरली. 'टोमॅटो' हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'चा नातू, आणि 'चिकू' हे तिथल्या 'चिकोसापोते'चं आपल्याकडे झालेलं लाडकं नाव. म्हणून हा प्रवास ताटावरून आखावा. पिकांचा माग काढत गेलं, की डोंगर, दऱ्या आणि देवळं आपोआप वाटेत येतात.

आपल्या आधी गेलेला वर्धेकर

हा माग काढणारा पहिला माणूसही आपल्याच मुलखातला. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. सशस्त्र क्रांतीच्या ध्यासानं तरुणपणीच देशाबाहेर पडले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या सुरुवातीच्या मंडळींत वावरले आणि पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. मायदेशाचं दार बंद झालेलं. अशा वेळी १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. पिकांची पैदास हा त्यांचा विषय आणि मका हे लाडकं पीक. तेओसिन्ते नावाचं मक्याचं एक रानटी भावंड आहे. त्याचा मक्याशी संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्या कामाची छायाचित्रं टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी टिपली. दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानं तर मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची रोजची भाकर' हे चित्र रंगवताना जेवायला बसलेल्यांच्या मेळ्यात खानखोज्यांना बसवलं.

१९५५ मध्ये ते कायमचे नागपुरात आले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी इथेच वारले. २०२२ मध्ये चापिंगो विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झालं. मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं, मराठीत ते काम वीणा गवाणकरांनी केलं. दोहोंपैकी एक जाण्याआधी वाचून काढा.

म्हणून पहिले दोन दिवस राजधानीत. एक दिवस त्या भित्तिचित्रासाठी, दुसरा शहराच्या पूर्वेला तेस्कोकोजवळच्या चापिंगोसाठी. तिथल्या जुन्या चॅपेलच्या भिंतीही रिवेरानंच रंगवलेल्या आहेत. आणखी एक कारण आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, मेक्सिको सिटी सव्वादोन हजार मीटरवर. पहिल्या दिवशी दोन जिने चढतानाही धाप लागते. दोन दिवस पाणी भरपूर प्या, जेवण हलकं ठेवा, शरीराला सवय होऊ द्या.

कधी जायचं : झेंडूला विचारा

दसऱ्याला आपण ज्याचं तोरण बांधतो तो झेंडूही मेक्सिकोचाच. तिथे त्याला सेम्पासुचिल म्हणतात आणि १ व २ नोव्हेंबरला सारा देश त्यानं केशरी होतो. हे दिवस मृतांचे. घरात 'ओफ्रेन्दा' मांडतात: गेलेल्या माणसाचा फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, त्याला आवडायचे ते पदार्थ. झेंडूच्या पाकळ्यांची वाट दारापासून मांडणीपर्यंत ओढतात, वासावरून त्यानं घर ओळखावं म्हणून. सर्वपित्रीला गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे पितरांचे दिवस गंभीर असतात आणि तिकडे दफनभूमीत बँड वाजतो. युनेस्कोनं २००८ मध्ये या परंपरेला आणि २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पावसाळा तिथे साधारण जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे, सुखाचे महिने. म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस पोचून नोव्हेंबरच्या मध्याला परतलं तर सगळं साधतं. दिवाळी कधी त्याआधी येते, कधी त्यातच. त्या वर्षाचं पंचांग बघून घरच्यांशी तह करा. मध्य मेक्सिको आपल्या साडेअकरा तास मागे आहे. नागपुरात संध्याकाळी साडेसहाला लक्ष्मीपूजन सुरू होईल तेव्हा वाहाकात सकाळचे सात वाजलेले असतील. व्हिडिओ कॉलवर हात जोडायला हरकत नाही.

तिकीट आणि कागदपत्रं

पृथ्वीचा गोळा हातात घेतला तर आणखी एक गंमत दिसते. नागपूर ७९ पूर्व रेखांशावर, मेक्सिको सिटी ९९ पश्चिमेवर. म्हणजे जवळजवळ बरोबर पाठीमागे. दोन्हींमधला सगळ्यांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि तोही पंधरा हजार किलोमीटरहून लांब. विमानं अर्थातच मुंबई किंवा दिल्लीहून युरोप वा इस्तंबूल करत जातात. दार ते दार दीड-दोन दिवस धरा.

तिकीट काढताना एकच हुशारी करा: जाताना मेक्सिको सिटी, येताना कानकून. आपला मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणार आहे. राजधानीत परतण्यात दोन दिवस घालवायचे कारण नाही. अमेरिकेतून जाणारं तिकीट स्वस्त दिसलं तर सावध. विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. मेक्सिकोचा व्हिसा भारतीयांना लागतोच; मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा हाती असेल तर वेगळा काढावा लागत नाही, असा नियम आहे. निघण्याआधी दूतावासाकडून ताजी खात्री करून घ्या. प्रवासविमा घेताना दोरावरून उतरणं, पाण्याखाली जाणं हे प्रकार त्यात आहेत का, ते बारीक अक्षरांत वाचा. धाडस तिथेच वगळलेलं असतं.

वाहाका : विणकरांच्या गावचा रस्सा

नकाशावर 'ओक्साका' वाचाल, तिकडे उच्चार 'वाहाका'. राजधानीपासून बसनं सहा-सात तास, विमानानं तासभर. प्रवासाचे सहा दिवस इथे द्या. खाण्याच्या दृष्टीनं या देशातली ही सगळ्यांत श्रीमंत दरी.

इथला मानाचा पदार्थ 'मोले'. वाहाकाचे सात मोले सांगतात. काळा, तांबडा, पिवळा, हिरवा असे. काळ्या मोलेची कृती ऐकताना नागपूरच्या माणसाला ओळखीचा ठसका लागतो. चिल्वाक्ले जातीच्या सुक्या मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या. तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, लवंग, दालचिनी वेगवेगळं परतायचं. मक्याची भाकर मुद्दाम करपवायची. मग सगळं वाटून तासन्‌तास रटरटवायचं आणि शेवटी थोडं चॉकलेट. आपल्या सावजी रश्श्यातही खोबरं, खसखस, धणे, दगडफूल काळंशार भाजतात, रंग मसाल्याचा असतो आणि तवंगानं ताट माखतं. चव मात्र वेगळी. सावजी जिभेवर येताच बोलतो. मोले आधी गोडसर, मग कडवट, आणि तिखट सगळ्यांत शेवटी.

सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं जेवण. १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे मागाची कमाई घटत गेली, आणि विणकरांच्या घरचा मसाला हळूहळू खानावळींत आला. वाहाकाजवळ तेओतित्लान देल व्हाये हे सापोतेक विणकरांचं गाव आहे. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून ते लाल रंग काढतात आणि लोकरीचे गालिचे विणतात. याच गावच्या आबिगाइल मेन्डोसा या बाई सापोतेक स्वयंपाकासाठी जगभर नावाजल्या. मागाच्या घरातली चूल इथेही नाव काढते. गावात अर्धा दिवस माग बघा, उरलेला अर्धा जेवायला ठेवा.

रविवार त्लाकोलुलाच्या आठवडी बाजारासाठी राखा. तिथे लिंबू-लसूण लावून भाजलेले नाकतोडे, 'चापुलिनेस', टोपल्यांत विकायला असतात. गडचिरोलीत लाल मुंग्यांची चटणी चाखलेल्याला कौतुक वाटणार नाही. बाकीच्यांनी चिमूटभरानं सुरुवात करावी. मका आणि कोकोचं थंड पेय 'तेहाते' मोठ्या भांड्यातून फेसासकट देतात, ते चुकवू नका. शहरात मीना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. आपण गहू दळून आणतो तसे तिथले लोक कोको, साखर, दालचिनी दळून नेतात.

चुना लावणारी माणसं

या प्रवासात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गोष्ट फुकट दिसते: मका शिजवण्याची पद्धत. सुका मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून साल काढतात आणि ओला वाटतात. त्या पिठाची तोर्तिया. मातीच्या सपाट तव्यावर थापलेली भाकर फुगताना पाहिली, की उलट्या मडक्यावर लांब रोटी टाकणाऱ्या आपल्या बायकांचे हात आठवतात.

चुन्यामुळे मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपनं मका नेला, चुना नेला नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटलीतल्या आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरिबांना पेलाग्रा या रोगानं गाठलं. आपल्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं, आणि खाण्यात तो दिसतो फक्त पानात नि खर्ऱ्यात. तिकडे हजारो वर्षं चुन्यानं लोक जगवले.

मक्याचा उगम नैर्ऋत्य मेक्सिकोत, तेओसिन्तेपासून, सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीचा. वाहाकाच्या पूर्वेला मित्लाजवळच्या गिला नाकित्स गुहेत सापडलेली कणसं सव्वासहा हजार वर्षांची आहेत. बोटाएवढीही नाहीत. यागुल आणि मित्ला परिसरातल्या या गुहांना २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खानखोजे प्रयोगशाळेत ज्या रानटी गवताशी झुंजत होते, त्याची पहिली फेरी या देशात कुणा अनामिक बायकांनी आणि पुरुषांनी जिंकून ठेवली होती.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण विचारत राहावं. राजम्यासारखी काळी घेवडी निरामिष दिसते. ती बहुधा डुकराच्या चरबीत परतलेली असते. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, 'सिन मान्तेका' म्हणजे ती चरबी नको. ही दोन वाक्यं पाठ करा. मग निवडुंगाची भाजी, भोपळ्याची फुलं, लोण्यासारखं अवोकादो, आणि 'व्हेर्दोलागास' म्हणजे आपली घोळाची भाजी, सगळं तुमचंच. मक्याच्या कणसावर येणारी काणी आपण रोग म्हणून उपटून टाकतो. तिथे ती 'वित्लाकोचे' नावानं कौतुकानं खातात. आणि आपण ज्याला सांबार म्हणतो ती कोथिंबीर जवळपास प्रत्येक ताटावर पडते. त्या बाबतीत विदर्भातून निघालोच नाही असं वाटतं.

डोंगर, मोह आणि घायपात

धाडसाची पहिली पायरी सिएरा नोर्ते. वाहाकाच्या उत्तरेच्या डोंगरात आठ सापोतेक गावांनी 'पुएब्लोस मांकोमुनादोस' या नावानं जंगल एकत्र सांभाळलं आहे. पायवाटा, लाकडी खोल्या, वाटाडे सगळं गावाचं, मिळकतही गावाची. सामूहिक वनहक्क मिळवणारं गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) ज्यांनी पाहिलंय, त्यांना इथली ग्रामसभा परकी वाटणार नाही. क्वाहिमोलोयाससारखी गावं तीन हजार मीटरच्या वर आहेत. निघण्याआधी महिनाभर चिखलदऱ्याच्या चढांवर पाय तयार करा; उंची तेवढी मिळणार नाही, पण गुडघे ओळख ठेवतील.

परतीच्या वाटेवर मेस्काल या दारूची भट्टी बघा. शेताच्या बांधावर लावतो त्या घायपाताच्या कुळातली ही झाडं तयार व्हायला निदान सहा-सात वर्षं लागतात. पानं छाटून उरलेला गड्डा जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर काही दिवस भाजतात, घोड्यानं फिरवलेल्या दगडी चाकाखाली चेचतात, आंबवतात आणि गाळतात. सान्ता कातारिना मिनास या गावी तर अजून मातीच्या मडक्यांतून गाळतात. मोहाची भट्टी माहीत असलेल्याला ही विद्या नवी नाही. खानखोज्यांचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे त्यांच्या नावानं प्याला उचलायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

समुद्र हवा असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या रस्त्यानं पुएर्तो एस्कोन्दिदो तीनेक तासांवर आलंय. तिथल्या मोठ्या लाटा पट्टीच्या लोकांसाठी. नवख्यांनी आडोशाच्या लहान किनाऱ्यावर शिकवणी लावावी.

चियापास : दरी आणि पाइनच्या काड्या

वाहाकाहून रात्रीच्या बसनं तुश्तला शहर गाठा. चियापा दे कोर्सोच्या धक्क्यावरून होडीत बसलं, की ग्रिहाल्वा नदी सुमिदेरो दरीत शिरते. दोन्ही बाजूंचे कडे काही ठिकाणी हजार मीटरपर्यंत जातात आणि काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. दोरावरून उतरायचं असेल त्यांच्यासाठी सिमा दे लास कोतोर्रास ही गोल खोल विहिरीसारखी खाई आहे. पहाटे तिच्या तळातून हिरव्या पोपटांचे थवे गिरक्या घेत वर येतात.

सान क्रिस्तोबाल या थंड गावाजवळ सान हुआन चामुलाचं चर्च आहे. आत बाकं नाहीत. जमिनीवर पाइनच्या काड्या अंथरलेल्या, शेकडो मेणबत्त्या आणि त्सोत्सिल भाषेतली पुटपुट. फोटो काढायला सक्त मनाई आहे. कॅमेरा पिशवीतून बाहेर काढूच नका.

चियापासच्या काही भागांत, विशेषतः ग्वातेमालाच्या सीमेकडे, गेल्या काही वर्षांत टोळ्यांचा हिंसाचार वाढला आहे आणि सान क्रिस्तोबाल ते पालेन्केच्या रस्त्यावर वाट अडवण्याचे प्रकार होतात. म्हणून दिवसाच प्रवास, ओळखीच्या कंपनीची गाडी आणि निघण्याआधी स्थानिकांना विचारणं, हे तिन्ही पाळा. वाट बरी नाही असं कळलं तर लांबचा वळसा घ्या. पालेन्के या जुन्या माया नगरीत १९५२ मध्ये आल्बेर्तो रुस या पुरातत्त्वज्ञाला मंदिराच्या पोटात पाकाल राजाची समाधी सापडली. घनदाट रानात वानरांच्या डरकाळ्या ऐकत ते पिरॅमिड बघण्यासाठी वळसा परवडतो.

युकातान : आभाळातून पडलेली गोष्ट

पालेन्केहून 'त्रेन माया' ही नवी रेल्वे मेरिदाला नेते. आपल्या अक्षांशावरचं हे गाव. इथे जमिनीवर नद्या नाहीत. पाणी चुनखडीच्या पोटात वाहतं. छत कोसळलं की उघडी पडते ती 'सेनोते', निळ्याशार पाण्याची नैसर्गिक विहीर. ओमुन आणि कुसामा गावांभोवती अशा अनेक आहेत. त्यांत पोहणं हा या प्रवासाचा कळस. अंगाला क्रीम न लावता उतरा, पाणी गावाचं पिण्याचं आहे. पोहता येत नसेल तर आत्ताच तीन महिने तलाव गाठा.

मेरिदाच्या भोवतीच्या सेनोते नकाशावर एका कमानीत दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे चिक्शुलुबला अशनी आदळला, त्या जवळपास १८० किलोमीटर रुंदीच्या, आता गाडल्या गेलेल्या विवराची ती कड. डायनोसॉर संपले ते त्याच सुमारास. त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे थर ओतले जात होते. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा खडक त्या लाव्हाचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला त्या काळच्या डायनोसॉरांचे अवशेष मिळाले. त्या संहारात वाटा अशनीचा किती आणि लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. एक आरोपी युकातानमध्ये, दुसरा आपल्या पायाखाली. लोणारचं सरोवर पाहिलेल्या माणसानं इथे येऊन हा हिशेब पुरा करावा.

जेवणात इथे 'कोचिनिता पिबिल': आंबट संत्र्याच्या रसात आणि शेंद्रीच्या बियांच्या वाटणात मुरवलेलं डुकराचं मांस, केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात भाजलेलं. आपले रोडगे गोवऱ्यांत भाजतात, त्याची आठवण होते. सोबत आबानेरो मिरची येते. तिच्यापुढे भिवापुरी शांत स्वभावाची. नागपूरचा म्हणून बढाई मारू नका. आधी थेंब घ्या. शाकाहाऱ्यांना भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची 'सिकिल पाक' चटणी आहे. जवसाच्या चटणीवर वाढलेल्यांना ती लगेच आवडते.

परत येताना

बॅगेत काय आणायचं? मक्याचं, मिरचीचं बियाणं मोह पाडेल, पण परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय ते भारतात आणता येत नाही, आणि नियम शेताच्या भल्याचा आहे. चॉकलेटच्या वड्या आणा, तेओतित्लानचा एखादा गालिचा आणा. चुन्याची विद्या आणा, तिला जकात नाही.

खरं तर ती जाण्याआधीच करून बघता येते. किलोभर सुका पांढरा मका घ्या. गोड मका चालणार नाही. खाण्याचा चुना दहाएक ग्रॅम पाण्यात विरघळवा, त्यात मका पाऊण तास उकळा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी चोळून धुवा, वाटा, हातावर थापून तापल्या तव्यावर टाका. वर भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि मूठभर सांबार. पहिल्या दोन-तीन तुटतील. एखादी नीट फुगली, की मग तिकीट काढा.